कॅमेरा धरणारा जावई

मी छातीचा सर्जन आहे. आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकल्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. ताइनानमधल्या एका मोठ्या इस्पितळात छातीच्या विभागाचा मी प्रमुख. दारावर पाटी आहे, चुआंग वेन-हाओ. फासळ्या न कापता, बगलेखाली दोन बोटं जातील एवढंच भोक पाडायचं, त्यातूनच कॅमेरा घालायचा, त्यातूनच सगळी हत्यारं घालायची आणि समोरच्या पडद्यावर बघत फुफ्फुसाचा तुकडा काढायचा, हे माझं काम. माझ्या हाताखाली शिकलेली पोरं आता दुसऱ्या इस्पितळांत साहेब होऊन बसलीत. बाहेर मला बघून लोक खुर्ची सोडतात. आणि सासुरवाडीत? सासुरवाडीत मला पेजेचा वाडगासुद्धा शेवटी मिळतो.

सासूबाईंचं नाव लियाओ चिन-श्या. वय अडुसष्ट. बाजाराच्या तोंडाशी त्यांचा माशाच्या पेजेचा गाडा आहे. आमच्याकडे साबाही नावाचा मासा मिळतो, काट्यांचं जंगल नुसतं, पण पेजेत त्याच्यासारखा दुसरा नाही. चाळीस वर्षं त्या पहाटे उठून तो तळतायत, उकळतायत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला बोल लावतायत. आयुष्यात विडी-सिगारेटला हात लावला नाही. पण तळणीचा धूर कुणाला चुकतो? गेल्या पावसाळ्यात फांग-यीच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, धाकट्या मावशीने देवळातल्या सगळ्या बायकांना गोळा करून आमच्याच इस्पितळात छातीच्या तपासणीला आणलं. सहलीला आल्यासारख्या आल्या बाया, डबे घेऊन. बाकी सगळ्या ठणठणीत निघाल्या. सासूबाईंच्या उजव्या फुफ्फुसात वरच्या बाजूला मसुराच्या दाण्याएवढा धुरकट ठिपका निघाला.

मी तो ठिपका पाहिला आणि मला कळलं. असले ठिपके मी रोज बघतो. लवकर सापडला होता, तेवढा तुकडा काढला की सुटणार होत्या. नाही काढला तर दोन-चार वर्षांत काय होतं, तेही मी रोज बघतो. घरी फांग-यीला सांगताना मी अगदी डॉक्टरी आवाज लावला. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "तू असा का बोलतोयस, रेडिओसारखा?"

रविवारी सकाळी आम्ही दोघं गाड्यावर गेलो. सासूबाई वाढत होत्या, सात-आठ गिऱ्हाइकं स्टुलांवर बसली होती.

"आई, बुधवारचं ठरवूया," मी म्हटलं. "छोटंसं काम आहे. मी स्वतः करतो."

सासूबाईंची पळी हवेतच राहिली. "कोण करतो?"

"मी."

"कुणाचं?"

"तुमचं, आई."

त्यांनी पळीनेच रस्त्याकडे बोट दाखवलं. "ती स्कूटर कुणाची रे, आ-हाओ?"

सगळी गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. स्कूटर माझीच होती. जरा तिरकी लागली होती हे मी मान्य करतो. मागचं चाक शेजारच्या पेरूवाल्या बाईच्या टोपलीत गेलं होतं.

"दोन स्कूटरींच्या मधे ज्याला आपली स्कूटर सरळ घालता येत नाही," सासूबाई म्हणाल्या, "तो माझ्या दोन फासळ्यांच्या मधे नळ्या घालणार! ऐकताय ना हो सगळे?"

सगळे ऐकत होते. एक म्हातारा तर पेज नाकात जाऊन खोकायला लागला.

"मग कोण करणार?" मी विचारलं. आवाज शक्य तितका गोड ठेवला.

"ती पोरगी. वेई. परवा जेवायला आली होती बघ तुझ्याबरोबर. काटे कसे काढून ठेवले होते ताटलीच्या कडेला, एकाशेजारी एक! आणि खाल्ल्यावर वाडगा स्वतः उचलून आणून दिला. तू दिलायस कधी?"

"आई, वेई माझी विद्यार्थिनी आहे. तिला मी शिकवलंय."

"मग बरंच शिकवलंयस की. तिला करू दे. आणि हे बघ, भोक एकच पाडायचं. ह्या पेरूवालीला तीन पाडलीत." पेरूवालीने मान डोलावली आणि शर्टाची बाही वर करायला लागली. आमच्याकडे हल्ली बाजारातल्या बायका भोकं मोजतात, कुणाला किती पडली म्हणून. एक असलं की मान मोठा.

मी फांग-यीकडे पाहिलं. म्हटलं, ही तरी काही बोलेल. ती खाली मान घालून पेज पीत होती आणि तिचे खांदे हलत होते. हसत होती की रडत होती ते मला त्या दिवशी कळलं नाही.

वेईबद्दल सांगायला हवं. वय छत्तीस, बोलणं कमी, हात देवाने दिलेला. पाच वर्षं तिने माझा कॅमेरा धरला. ह्या ऑपरेशनमध्ये कॅमेरा धरणारा म्हणजे कापणाऱ्याचे डोळे. एकाच भोकातून दोघांची कामं चालतात, तासन् तास कोपराला कोपर घासत उभं राहायचं, आणि कापणाऱ्याला जिकडे बघायचंय तिकडे, त्याने तोंड उघडायच्या आत, कॅमेरा वळवायचा. स्वतःला काय बघायचंय ते विसरायचं. जरा हललं की पडद्यावर भूकंप होतो. त्या पाच वर्षांत मी तिला काय काय बोललो असेन! "कॅमेरा धरलायस की पंखा?" हे माझं वाक्य. थिएटरातल्या नर्सना माझी सगळी वाक्यं पाठ आहेत, पार्टीत नकला करतात मेल्या.

सोमवारी मी वेईच्या टेबलासमोर जाऊन उभा राहिलो.

"सासूबाईंनी तुझं नाव घेतलंय."

"हो सर. पेज खायला बोलावलं होतं शनिवारी. तेव्हाच सांगितलं."

म्हणजे मला सांगायच्या आधीच ठरलं होतं! "बरं. मी आत असेन," मी म्हटलं.

वेईने पेन खाली ठेवलं. "सर, आत यायचं असेल तर कॅमेरा धरायला या. नाहीतर बाहेर बसा."

"काय?"

"तुम्ही हात बांधून माझ्या पाठीशी उभे राहिलात तर माझ्याच्याने काम होणार नाही. तुमचे हात कशात तरी अडकलेले हवेत. आणि तोंड बंद."

मी विभागप्रमुख. मी तिची रजा मंजूर करतो. पण खरं सांगू? मला बाहेर बसणं सहनच झालं नसतं. मी म्हटलं, "धरतो."

बातमी तासाभरात सगळ्या मजल्यावर पसरली. भूल देणारे डॉक्टर थू, माझ्याच वयाचे, वीस वर्षांचा दोस्त, मला जिन्यात भेटले. "अरे, ऐकलं ते खरं का? नोकरीत चढतीऐवजी उतरती लागली तुला?"

"तोंड सांभाळ, थू."

"मी बुधवारची सुट्टी रद्द केली आहे," ते म्हणाले. "हे बघायला मिळणार नाही पुन्हा."

बुधवार उजाडला. ह्या असल्या ठिपक्याची गोम अशी, की तो इतका लहान आणि मऊ असतो की वरून दिसत नाही आणि हाताला लागेलच असं नाही. म्हणून सकाळी आधी सीटी स्कॅनच्या खोलीत बाहेरून एक बारीक सुई घालतात आणि ठिपक्याच्या शेजारी निळ्या रंगाचा थेंब सोडतात. मग आत कॅमेरा गेला की फुफ्फुसावर निळं टिंब दिसतं, तेवढंच कापायचं. अट एकच, रंग सोडला की लगेच थिएटरात. उशीर झाला की रंग पसरत जातो आणि टिंबाचं तळं होतं. आणि तळ्यात ठिपका कुठे, हे मग देवालाच माहीत.

सासूबाईंना रंग सोडून झाला, ट्रॉली थिएटरच्या दाराशी आली, मी टोपी-मास्क घालून वाट बघत होतो. तेवढ्यात लिफ्टमधून धापा टाकत मावशी अवतरली. हातात लाल पंचांग.

"थांबा! थांबवा ती गाडी! ताईचं जन्मवर्ष कोंबड्याचं! आज कोंबड्याच्या माणसाला अकराच्या आत पातं लागता कामा नये!"

घड्याळात नऊ वाजले होते.

"मावशी," मी म्हटलं, "आत्ता आत जायलाच हवं. रंग पसरेल."

"रंग पसरला तर पुसता येतो. वेळ चुकली तर काय पुसशील?"

मी सासूबाईंकडे वळलो. चाळीस वर्षं व्यवहार केलेली बाई, ह्या थोतांडाला हसून उडवून लावेल म्हटलं. तर त्या ट्रॉलीवर उठून मांडी घालून बसल्या. हिरवा गाऊन, डोक्यावर कागदी टोपी, आणि चेहरा गाड्यावर उधारी मागणाऱ्याला बघावं तसा.

"अकरा वाजता," त्या म्हणाल्या.

"आई!"

"चाळीस वर्षांत मी गाडा नुसतं मनात आलं म्हणून कधी उघडला नाही. मुहूर्त बघून उघडला. चालला की नाही? मग छाती तशीच उघडायची का?"

वेई आली. मी तिला म्हटलं, "तू सांग. तुझं ऐकतात." वेईने सासूबाईंचा हात धरला, रंगाचं सगळं नीट समजावलं, पसरला तर शोधायला त्रास होईल, कदाचित जास्त तुकडा काढावा लागेल, हेही सांगितलं. सासूबाईंनी सगळं ऐकून मान डोलावली आणि म्हणाल्या, "कळलं. अकरा वाजता."

थू म्हणाले, "एक मध्यम मार्ग काढू. भूल आत्ता देतो, कापायचं अकराला."

"भुलीची सुई लोखंडाची का?" मावशीने विचारलं.

"असते थोडी."

"मग ते पातंच झालं की!" आणि एवढं बोलून मावशीचा चेहरा पांढराफटक पडला. कारण रंगाची सुई सकाळीच टोचून झाली होती. मावशीने देवळातल्या मुहूर्त काढणाऱ्या म्हाताऱ्याला फोन लावला. फोन स्पीकरवर ठेवला होता. म्हातारा बहिरा, त्यामुळे अख्ख्या मजल्याने ऐकलं.

"सुई आत गेली पण काही काढलं नाही ना?" म्हातारा ओरडला.

"नाही, रंग घातला!"

"घातलेलं चालतं! काढायचं अकरानंतर!"

"आणि भूल?"

"तीपण घालायचीच ना? घाला!"

पण सासूबाई म्हणाल्या, झोपून वाट बघायला त्या काही मासा नाहीत, त्या जाग्या राहूनच वाट बघणार. मग आम्ही सगळे थांबलो. मी फेऱ्या मारत होतो. दर फेरीला माझ्या डोळ्यांपुढे तो निळा थेंब पसरत होता. सासूबाई ताठ बसून येणाऱ्या-जाणाऱ्या नर्सना साबाहीचे भाव सांगत होत्या.

"तुम्ही माझ्या सासूबाई नसतात ना—" मी शेवटी म्हटलं.

"तर काय?"

"तर मी आवाज चढवला असता."

"मग चढव की. चढव ना. बघूया."

मी नाही चढवला.

अकराला जरा कमी असताना त्यांनी मावशीला पाणी आणायला पाठवलं, वेईला हात धुवायला पाठवलं, फांग-यीला स्वतःची चप्पल शोधायला पाठवलं. आम्ही दोघेच राहिलो. मग त्यांनी मला जवळ बोलावलं.

"आ-हाओ, मी तुला नको म्हटलं, राग आला?"

"नाही आई."

"खोटारडा. अरे, तू चांगलं कापतोस हे मला ठाऊक नाही का? अख्खा बाजार सांगतो. स्कूटर मात्र वाईट लावतोस, ते खरंच आहे." त्यांनी कागदी टोपी सारखी केली. "पण समज, हात चुकला. होतं कधी. कुणाच्याही हातून होतं. तर त्या वेईला काय, ती दोन दिवस रडेल आणि कामाला लागेल. पण तुझ्या हातून झालं तर माझी पोरगी रोज जेवायला कुणासमोर बसेल? मला काही होईल म्हणून मी तुला नको म्हटलं नाही. मला काही झाल्यावर तिला तू उरायला हवास, म्हणून म्हटलं."

मी वाकून त्यांच्या पायांवरची चादर सारखी केली.

"आता ढकल गाडी," त्या म्हणाल्या. "वाजले अकरा."

तर अशा अवस्थेत मी कॅमेरा हातात घेतला. सासूबाई डाव्या कुशीवर झोपलेल्या, उजवं फुफ्फुस थूंनी हवा काढून मिटवलेलं, बगलेखाली भोक पडलेलं, त्याच्या कडा प्लास्टिकच्या कड्याने उघड्या धरलेल्या. कॅमेऱ्याची काच गरम पाण्यात बुडवून पुसून घेतली, आत घातला. पडद्यावर फुफ्फुस आलं.

निळंच निळं. वरच्या भागाचा जवळजवळ अर्धा निळा. ओल्या बनियनवर शाई सांडावी तसा रंग फुटलेला. टिंब वगैरे काही नाही.

हत्यारं देणाऱ्या नर्सने एक मोठा श्वास सोडला.

वेईने लांब चिमटा घातला आणि फुफ्फुसावरून हळूहळू फिरवायला लागली, मऊ भागात कुठे कडक लागतं का ते बघत. मी कॅमेरा तिच्या चिमट्यामागून न्यायला हवा होता. पण मला वाटत होतं, त्या कोपऱ्यात आहे. नाही, ह्या कोपऱ्यात. मी जवळ गेलो. आणखी जवळ गेलो. पडद्यावर एवढं मोठं फुफ्फुस, की नुसतं निळं कापड दिसावं.

"सर," वेई म्हणाली, "मला तिकडे बघायचं नाहीये."

"हो, हो."

"सर, पडदा तिरका झालाय."

मी सरळ केला. माझा हात थरथरत होता. वीस वर्षांत असा कधी थरथरला नव्हता. पडद्यावर अख्खं फुफ्फुस नाचत होतं. मास्कच्या आडून नर्स अगदी हळू म्हणाली, "कॅमेरा धरलाय की पंखा?" आणि स्वतःच घाबरून खाली बघायला लागली. थू भुलीच्या यंत्रामागे हसत होते, त्यांचा खांदा मला दिसत होता. मला कुणाचाच राग आला नाही. राग यायलाही मनात जागा हवी.

काचेवर वाफ धरली. मी बाहेर काढला, बुडवला, पुसला, परत घातला. परत धरली.

"दुसरं भोक पाड," मी म्हटलं. "दोन्हीकडून दाबून बघ. किंवा सरळ उघड. मोठी चीर घे. मी सांगतोय."

वेईने चिमटा थांबवला. माझ्याकडे न बघता, पडद्याकडेच बघत म्हणाली, "लागलं तर पाडीन. दहाही पाडीन. पण आत्ता तुम्ही कॅमेरा मागे घ्या."

"मागे?"

"तुम्ही नाक टेकवून बघताय, सर. मला काही दिसत नाही. मागे या. मला सगळं दाखवा."

मला तिचं म्हणणं पटलं नव्हतं. ठिपका मसुराएवढा, आणि मागे जायचं? पण कॅमेरा धरणाऱ्याने आपल्याला काय वाटतं ते विचारायचं नसतं, हे मीच पाच वर्षं ओरडून सांगितलं होतं. मी मागे आलो. भोकाच्या तोंडापर्यंत आलो. कोपर पोटाशी घट्ट धरलं आणि श्वास रोखला. हात स्थिर झाला.

आता सगळं फुफ्फुस एकदम दिसत होतं. निळं तळं होतं, पण त्याला आकार होता. वर निमुळतं, खाली पसरट.

वेई बराच वेळ बघत राहिली. मग तिच्या मास्कच्या आत हसण्यासारखं काहीतरी झालं.

"सर, त्या दोन तास बसून होत्या."

"मांडी घालून! ताठ! मी म्हटलं होतं त्यांना आडव्या व्हा, पण—"

"बसल्या होत्या म्हणून रंग खाली ओघळलाय. सुई लागली तिथून खाली. म्हणजे मधोमध शोधायचंच नाही. वरच्या टोकाशी बघायचं. आता हळू जवळ चला. माझ्याबरोबर."

मी तिच्याबरोबर गेलो. एकदाही पुढे धावलो नाही. निळ्याच्या अगदी वरच्या टोकाला, टाचणीच्या टोकाएवढा लालसर ठिपका होता, सुई टोचल्याचा. मघाशी मी त्याच्यावरून दोनदा गेलो होतो, पण इतक्या जवळून, की तो मला कचरा वाटला.

वेईने भोकातून बोट घातलं. फुफ्फुस चिमट्याने बोटाकडे ओढून घेतलं. तिने डोळे मिटले.

"आहे," ती म्हणाली.

पुढचं काम मी रोज करतो तसंच झालं. एका दाबात दोन्हीकडे पिना मारून मधून कापत जाणारं हत्यार तीनदा घातलं, तुकडा सुटा झाला, पिशवीत घालून त्याच एका भोकातून बाहेर काढला. छातीत कोमट पाणी सोडलं, थूंनी फुफ्फुस फुगवलं, बुडबुडे आले नाहीत, म्हणजे कुठे गळत नव्हतं. वेईने बाजूच्या टेबलावर तुकडा चिरून पाहिला, मधे मसुराएवढा फिकट दाणा. अर्धा तातडीच्या तपासणीला पाठवला, अर्धा स्टीलच्या ताटलीत ठेवला.

आमच्याकडे रीत आहे. काढलेला तुकडा नातेवाइकांना दाखवायचा. थिएटरच्या बाजूला एक लहान खिडकी आहे, तिथे नाव पुकारतात, नातेवाईक गोळा होतात, सर्जन ताटली घेऊन येतो आणि सांगतो, हे बघा, हे काढलं. लोकांना मांस कळत नाही. ते तोंड बघतात सर्जनचं. म्हणून मी पोरांना सांगतो, खिडकीवर तोंड कोरं ठेवा.

"मी दाखवतो," मी वेईला म्हटलं. "तू टाके घाल."

सवयीने गेलो मी. खिडकी उघडली. बाहेर फांग-यी, मावशी, पेरूवाली आणि गाड्यावरची चार-पाच गिऱ्हाइकंसुद्धा आली होती. फांग-यी सगळ्यांच्या पुढे होती. मी ताटली वर धरली. म्हणायचं होतं, हे बघा, हे काढलं.

फांग-यीचा चेहरा बघितला आणि मला रडू फुटलं.

साधंसुधं नाही, हुंदके. मास्क ओला झाला. मी ताटली धरून, तोंडातून एक शब्द न काढता, ढसाढसा रडत उभा. मला सांगायचं होतं की सगळं ठीक आहे. पण "स" म्हटलं की पुढे हुंदकाच येत होता.

मावशीने किंकाळी फोडली. "ताई गेली गं!" पेरूवाली मटकन खाली बसली. एक म्हातारा हात जोडून मंत्र म्हणायला लागला. मावशी पंचांग छातीवर आपटत ओरडत होती, "रंगाची सुई! रंगाची सुई चुकली! मी तरी सांगत होते!" फांग-यी मात्र ओरडली नाही. ती नुसती माझ्याकडे बघत होती, तोंड उघडं, आणि खिडकीची चौकट दोन्ही हातांनी घट्ट धरलेली. आणि मी मुंडी हलवून "नाही, नाही" असं खुणावत होतो, तर त्यांना वाटलं, नाही वाचल्या.

आतून वेई धावत आली. रक्ताचे हातमोजे तसेच. तिने माझ्या हातातली ताटली काढून घेतली.

"सर, हे काय चालवलंय? बाहेर जा!"

"मी... सांगत..."

"तुम्ही त्या बाजूला जाऊन उभे राहा. नातेवाइकांत."

तिने मला खांद्याला धरून दाराकडे वळवलं. मी बाहेर आलो, वळसा घालून खिडकीच्या त्या बाजूला आलो आणि फांग-यीच्या शेजारी उभा राहिलो. तिने माझं मनगट पकडलं. तिचा हात बर्फासारखा गार होता.

वेईने खिडकीतून ताटली पुढे केली. "लियाओ चिन-श्या यांचे नातेवाईक? त्या ठीक आहेत. झोपल्यात, भूल उतरतेय. हा तुकडा काढलाय. हा मधला पांढरा दाणा, हीच ती गाठ."

मावशीचं रडणं एकदम बंद झालं, नळ बंद केल्यासारखं. "भोकं किती पडली?" तिने विचारलं.

"एक."

पेरूवाली जमिनीवर बसल्या बसल्याच म्हणाली, "नशीबवान बाई."

मी पुढे झुकून ताटलीत पाहिलं. किती ताटल्या दाखवल्या असतील मी ह्याच खिडकीतून! दुरून बघून सांगतो मी, कडा साफ आहेत की नाहीत. पण त्या दिवशी मला त्या तुकड्यात काहीच कळेना. लाल होतं, निळं होतं, मधे पांढरं होतं. एवढंच दिसत होतं.

"डॉक्टर," मी वेईला म्हटलं. आजवर मी तिला कधी डॉक्टर म्हटलं नव्हतं. "सगळं निघालं ना? आत काही राहिलं नाही ना? नक्की?"

वेईच्या कपाळावर आठी नव्हती. तिने अगदी शांतपणे, माझ्याकडे बघून सांगितलं, "सगळं निघालं. तपासणीचा फोन आत्ताच आला, कडा स्वच्छ आहेत. अगदी सुरुवातीचं होतं."

"पण परत येणार नाही ना? म्हणजे, नक्की ना? तुम्ही स्वतः बघितलंत ना?"

फांग-यीने माझं मनगट दाबलं आणि वेईकडे बघून ओशाळं हसली.

"माफ करा हं, डॉक्टर," ती म्हणाली. "हा जरा घाबरलाय."